पढवलेले साक्षीदार

सदर व्यक्ती पुरुष असून वय सज्ञान, अंगकाठी मध्यम, धंदा पूर्वी वकिली व हल्ली वित्तीय अनुपालन सल्ला. राहणार बायकोच्या नावावरील घरी. ओळखण्याची खूण: फायलींच्या वजनाने उजव्या खांद्याला आलेला कायमचा उतार. काहीही विचारले असता आधी "कोणत्या संदर्भात?" असे विचारण्याची सवय. सदर व्यक्तीने आजवर कोणतीही गोष्ट, मग ती कितीही उघड असो, लेखी कबूल केल्याचे आढळून येत नाही. सदर व्यक्तीस घरात "अहो", सासरच्या नात्यात "दाजी" व इतरत्र "वकीलसाहेब" असे संबोधण्यात येते. वकिली सोडल्यानंतरही यांपैकी कोणत्याच संबोधनात बदल झाल्याची नोंद नाही.

वकीलसाहेबांनी वकिली सोडली ती एक खटला जिंकल्यामुळे. दोन घरांच्या मधल्या भिंतीचा दावा होता. अशिलाच्या बापाच्या वेळी सुरू झालेला, वकीलसाहेबांच्या तारुण्यात त्यांच्याकडे आलेला आणि त्यांचे केस पांढरे होईपर्यंत इमानेइतबारे चाललेला. निकाल हातात पडला तसा त्यांनी तिथूनच, कोर्टाच्या पायऱ्यांवरून अशिलाला फोन लावला.

"अभिनंदन. निकाल आपल्या बाजूनं लागला."

"कसला निकाल?"

"भिंतीचा."

"कुठली भिंत?"

"तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या मधली."

"अरे हो, ती. अहो वकीलसाहेब, ती तर आम्ही कधीच पाडली. माझ्या मुलीनं त्यांच्याच मुलाशी लग्न केलं ना."

"मग मला कळवायचं नाही का?"

"तुम्ही इतके मनापासून लढत होता," अशील अवघडून म्हणाला, "म्हटलं, कशाला मध्ये मोडता घाला."

त्या संध्याकाळी वकीलसाहेब जेवले नाहीत. म्हणजे भात घेतला नाही. बायको शाळेत गणित शिकवते. तिला उत्तर आधी दिसतं आणि रीत मागाहून. ती म्हणाली, "सोडा ना मग." तिचा धाकटा भाऊ विमा विकतो आणि जगातल्या प्रत्येक धंद्यातलं त्याला थोडं थोडं कळतं. तो रविवारी आला आणि त्याने रीत सांगितली.

"दाजी, कम्प्लायन्समध्ये या. वकिलांना फार मागणी आहे."

"कोणत्या संदर्भात?"

"पैशाचे व्यवहार करणाऱ्या कंपन्या असतात ना, ठेवी घेतात, कर्जं देतात, त्यांना नियम असतात ढीगभर. ते पाळले जातायत का ते बघायचं आणि पाळायला शिकवायचं."

"आणि नाही पाळले की मग खटला."

"नाही ना. खटला होऊच नये म्हणून तुम्ही."

वकीलसाहेबांनी कप खाली ठेवला. खटला होऊ नये म्हणून वकील नेमायचा, ही कल्पना त्यांना जरा अनैतिक वाटली.

"असं बघा," मेहुणा म्हणाला, "कोर्टात तुम्ही आग लागल्यावर जाता. इथं आधी जाऊन बादल्या भरलेल्या आहेत का ते बघायचं."

"आणि आग लागलीच नाही तर?"

"तर तुमचं काम झालं."

"ते सिद्ध कसं करायचं?"

यावर मेहुण्याने ताईकडे बघितलं. ताईने, हे मी रोज ऐकते, अशा अर्थाचा चेहरा केला.

तरी ते गेले. सल्लागार कंपनी चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर होती. मालकीणबाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, वकीलसाहेबांहून बऱ्याच लहान होत्या आणि बोलताना वाक्य पूर्ण झालं की थांबत. अशी माणसं वकीलसाहेबांनी फारशी पाहिली नव्हती. मॅडमनी त्यांना घेतलं, पण उमेदवारीवर. सहा महिन्यांनी बघू, म्हणाल्या. नोकरी धरायची तर वकिलीची सनद स्थगित करावी लागते, ती त्यांनी केली. वकिलांच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल, ज्यासाठी दोन ज्येष्ठांच्या मरणाची वाट बघावी लागली होती, ते आपल्या ज्युनिअरला देऊन टाकलं. ज्युनिअरने आधी डोळे पुसले आणि मग टेबलावर काच बसवून घेतली. आठवड्याभराने वकीलसाहेब सहज डोकावले तर काचेखाली ज्युनिअरच्या कुटुंबाचा फोटो होता. परतीचा रस्ता असा काचेखाली गेला.

नव्या जागी त्यांचं पहिलं काम सोपं होतं. एका कंपनीच्या काउंटरवर लावायला पाटी हवी होती: तक्रार असल्यास मॅनेजरला भेटा. वकीलसाहेबांनी तीन दिवस घेतले. पाटीची सुरुवात "ज्याअर्थी" ने झाली. मधे कुठेतरी तक्रार म्हणजे काय याची व्याख्या होती आणि "भेटणे या संज्ञेत प्रतिनिधीमार्फत भेटण्याचा समावेश होईल" असा खुलासाही होता. पाटी लावली तेव्हा काउंटरची खिडकी झाकली गेली. पहिली तक्रार पाटीबद्दलच आली.

मॅडमनी बोलावलं की ते उठून उभे राहत आणि बोलून झालं की दारापर्यंत मागे मागे चालत जात. एकदा अहवाल शुक्रवारी हवा म्हटल्यावर त्यांच्या तोंडून गेलं, "पुढची तारीख मिळाली तर बरं होईल."

"वकीलसाहेब," मॅडम म्हणाल्या, "इथं पुढची तारीख म्हणजे शनिवार. आणि शनिवारी आपल्याला सुट्टी असते."

असे पाच महिने गेले. मग मॅडमनी त्यांच्या हाती एक आख्खी कंपनी दिली. छोटी, जुनी, एकाच कचेरीची. एक चेअरमन, एक मॅनेजर, एक कॅशियरबाई, दोन कारकून, एक वॉचमन. नियामक खात्याचा अधिकारी तपासणीला येणार होता. तो कागद बघतो आणि माणसांशी बोलतो, आणि नीट चाललंय असं वाटलं तर तसं लिहून निघून जातो.

"ही तपासणी तुमची," मॅडम म्हणाल्या. "नीट पार पडली तर तुम्ही कायम."

"आणि नाही पडली तर?"

"तुमच्याकडे सनद आहेच ना."

वकीलसाहेब बरं म्हणाले. काचेखालच्या फोटोबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही, विचारलं नव्हतं.

कंपनीचे कागद त्यांनी आठवडाभर पालथे घातले. कागद चांगले निघाले, हीच पंचाईत. काही म्हाताऱ्या ठेवीदारांचे पत्त्याचे पुरावे जुने झाले होते, ते पुन्हा घ्यायचे राहिले होते, एवढंच. बाकी सगळं नियमाप्रमाणे. आता निर्दोष अशील ही वकिलाला सगळ्यात अवघड गोष्ट. दोषी माणसाला कुठे गप्प बसायचं ते उपजतच कळतं. निर्दोष माणूस बोलत सुटतो. तेव्हा वकीलसाहेबांनी त्यांना येत होतं ते केलं. त्यांनी साक्षीदार तयार करायला घेतले.

रोज काउंटर बंद झालं की सगळ्यांना चेअरमनच्या खोलीत बसवायचे. तीन गोष्टी त्यांनी पाठ करून घेतल्या. प्रश्न पूर्ण होऊ द्या. विचारलं तेवढंच सांगा. आणि रतिभर जरी शंका असेल तरी "आठवत नाही" म्हणा.

"पण मला आठवतं," कॅशियरबाई म्हणाल्या.

"आत्ता आठवतं. शपथेवर आठवेल का?"

"शपथ असते का तिथं?"

"नसते. पण आहे असं समजून चालायचं."

मग ते स्वतः अधिकारी होऊन समोर बसत आणि उलटतपासणी घेत. पहिल्या दिवशी मॅनेजरला घाम फुटला. वॉचमनने, कोणी काही विचारायच्या आत, आपण दुपारी जरा डोळे मिटतो हे सांगून टाकलं. पण शिकवणी हळूहळू अंगी लागली. आठवड्याच्या शेवटी कॅशियरबाईंना त्यांच्या नवऱ्याने सकाळी विचारलं, "माझे मोजे कुठंयत?" तर त्या म्हणाल्या, "तसं मला निश्चित सांगता येणार नाही." नवरा दिवसभर काळजीत होता. वकीलसाहेबांना हे कळलं तेव्हा कृतार्थ वाटलं. इतके पक्के साक्षीदार त्यांना उभ्या हयातीत मिळाले नव्हते.

अधिकारी आले ते मऊ आवाजाचे, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ निघाले. बगलेत पिशवी, पिशवीत कोमट पाण्याची बाटली. दारातच त्यांनी वॉचमनला विचारलं, "हात धुवायला कुठं जागा आहे हो?"

वॉचमनने प्रश्न पूर्ण होऊ दिला. मग विचार केला. मग म्हणाला, "आठवत नाही."

"नवीन आहात का इथं?"

"नेमकं सांगता येणार नाही."

अधिकारी हात न धुताच आत आले. कॅशियरबाईंसमोर बसले, वही काढली. वकीलसाहेब बाजूला खुर्ची टाकून बसले, जराशी तिरकी, कोर्टात असायची तशी.

"तुमचं काम काय असतं, ताई?"

"प्रश्न जरा पुन्हा सांगता का?"

"काम. काय करता तुम्ही इथं?"

बाईंनी पुढ्यातल्या नोटांच्या गड्ड्यांकडे पाहिलं, गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. "वेगवेगळं असतं," त्या म्हणाल्या.

अधिकारी दयाळू होते. त्यांनी मदतीचा हात पुढे केला. "बरं. नवीन माणूस खातं उघडायला आला की त्याची ओळखीची कागदपत्रं तुम्ही तपासूनच घेता ना?"

वकीलसाहेब उभे राहिले. ते उभे राहिलेत हे त्यांना स्वतःला उभं राहिल्यावर कळलं. "माझी हरकत आहे. प्रश्न सूचक आहे."

अधिकाऱ्यांनी वहीतून मान वर केली.

"साहेब," अधिकारी म्हणाले, "मी त्यांना 'हो' म्हणायची संधी देत होतो."

"तरीही सूचकच."

"बरं, तुम्ही तपासत नाही का, ताई?"

"तसं म्हणता येणार नाही."

"म्हणजे तपासता."

"तसंही म्हणता येणार नाही," बाई म्हणाल्या आणि शाबासकीसाठी वकीलसाहेबांकडे बघितलं. अधिकाऱ्यांनी ते बघणं बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मॅनेजरने प्रत्येक प्रश्नाला "कागदच काय ते बोलतील" एवढंच सांगितलं. कोणते कागद, विचारल्यावर म्हणाला, आठवत नाही. एक कारकून आपलं नाव सांगायलाही क्षणभर थांबला. चेअरमन तर सगळ्यांच्या पुढे गेले. वकिलांशी सल्लामसलत केल्याशिवाय मी बोलणार नाही, म्हणाले, आणि हे त्यांना कोणी शिकवलंही नव्हतं. दुपारच्या सुट्टीआधी अधिकाऱ्यांनी आपल्या कचेरीला फोन केला. एका दिवसाचं काम होतं, आता आठवडा लागेल, असं सांगितलं. आणखी दोन माणसं पाठवा, म्हणाले. कपाटांच्या किल्ल्याही मागवून घेतल्या.

सुट्टीत ते वकीलसाहेबांना जिन्यात घेऊन गेले.

"एवढी वर्षं तपासण्या करतोय. ज्यांनी खाल्लेलं असतं ना, ते भरभरून बोलतात. चहा पाजतात, मुलांचं शिक्षण विचारतात. वॉचमनसुद्धा तोंड उघडत नाही असं ठिकाण मी पहिल्यांदाच बघतोय. इथं आहे तरी काय?"

"कोणत्या संदर्भात?" वकीलसाहेब म्हणाले.

अधिकारी मान हलवून कोमट पाणी प्यायले.

वकीलसाहेब आत आले तर आत वेगळंच चाललं होतं. डबे उघडलेले, पण जेवत कोणीच नव्हतं. कॅशियरबाई मॅनेजरपासून लांब सरकून बसल्या होत्या. मॅनेजर चेअरमनच्या बंद दाराकडे टक लावून बघत होता. चेअरमननी वकीलसाहेबांना आत ओढलं आणि दार लावलं.

"एक विचारू? खरं सांगा. कोणी खाल्ले?"

"काय?"

"पैसे. मला वाटायचं, आपल्याकडे सगळं चोख आहे. पण तुम्ही एवढं लपवायला शिकवताय म्हणजे तुम्हाला कागदांत काहीतरी सापडलं असणार. मॅनेजर का? की बाई? वीस वर्षं मी त्या बाईंच्या भरवशावर घरी जाऊन झोपलोय हो."

"अहो, कोणीच काही केलेलं नाही."

"मग लपवतोय काय आपण?"

वकीलसाहेबांनी तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्याकडे "कोणत्या संदर्भात?" हेसुद्धा नव्हतं. आठ दिवसांपूर्वी ही माणसं एकमेकांच्या डब्यातलं खात होती. वकीलसाहेबांनी त्यांना साक्षीदार करता करता आरोपी करून ठेवलं होतं.

तेवढ्यात मॅडमचा फोन. खात्यातून त्यांना कळलं होतं. "काय झालंय तिथं?" त्यांनी विचारलं आणि वाक्य पूर्ण झाल्यामुळे थांबल्या.

दोन वाटा होत्या. एक, गप्प राहायचं. आठवडाभर कपाटं उपसून काही सापडणार नव्हतं, पण अहवालात "कर्मचाऱ्यांकडून असहकार" असा शेरा लागलाच असता. तो कंपनीच्या कपाळी, वकीलसाहेबांच्या नाही. दुसरी वाट म्हणजे साक्षीदार पढवले असं स्वतःच्या तोंडाने, नियामकासमोर सांगायचं आणि सहाव्या महिन्यात घरी जायचं. घरी बायको, कॉलेजातली मुलगी, आणि कोर्टात काच बसवलेलं टेबल.

"सांगतो," ते मॅडमना म्हणाले. "आधी अधिकाऱ्यांना सांगतो, मग तुम्हाला."

कोरा कागद घेऊन ते कोपऱ्यात बसले. पहिला मसुदा असा झाला: "कोणतीही बाब मान्य न करता, व सर्व हक्क अबाधित ठेवून, असे नमूद करण्यात येते की कर्मचाऱ्यांस देण्यात आलेल्या मार्गदर्शनाबाबत क्वचित गैरसमज झाला असणे शक्य आहे." अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला.

"हे मार्गदर्शन कोणी दिलं?"

"ते यातून सूचित होतं."

"मला तर यातून चेअरमनच दिसतायत."

दुसऱ्या मसुद्यात "मान्य न करता" गेलं, पण "शक्य आहे" राहिलं. अधिकाऱ्यांनी कागद परत केला. वकीलसाहेबांनी पेन हातात धरलं, बाजूला ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा धरलं. दारातून वॉचमन हे बघत होता. तो नंतर सांगायचा की माणूस दात काढून घ्यायला बसला असावा तसे बसले होते. तिसरा कागद मात्र एका दमात झाला: "या लोकांना 'आठवत नाही' म्हणायला मी शिकवलं. ते चूक होतं. त्यांना सगळं आठवतं." खाली सही, तारीख.

मग त्यांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि सांगितलं, "मी शिकवलेलं विसरा. विचारतील ते सांगा."

"सगळं?" कॅशियरबाईंनी विचारलं.

"सगळं."

आठवडाभर तुंबलेलं होतं ते फुटलं. वॉचमनने अधिकाऱ्यांना हाताला धरून हात धुवायची जागा दाखवली, नळ कोणता गळतो तेही दाखवलं आणि आपण दुपारी डोळे मिटतो हे पुन्हा एकदा सांगितलं. कॅशियरबाईंनी म्हाताऱ्या ठेवीदारांचे पत्ते राहिलेत ते आपणहून सांगितलं आणि मग एकेका ठेवीदाराचं घर, आजार, सुना, सगळं. एक आजी जिना चढू शकत नाहीत म्हणून त्यांचा कागद राहिला, तर एक आजोबा भांडून मुलाकडून मुलीकडे गेले म्हणून. "प्रश्न पूर्ण होऊ द्या," अधिकारी दोनदा म्हणाले, पण आता ते कोणी ऐकेना. चेअरमननी त्यांना कंपनीच्या स्थापनेपासूनचा इतिहास ऐकवायला घेतला. पाच वाजता अधिकाऱ्यांनी वही मिटली, आणखी माणसं पाठवू नका असं कचेरीला कळवलं आणि बाटली विसरून निघून गेले. ती वॉचमनने धावत जाऊन दिली.

घरी वकीलसाहेबांनी सगळं सांगितलं. लेखी दिलं, म्हणाले. बहुतेक नोकरी गेली.

बायकोने हातातल्या उत्तरपत्रिका खाली ठेवल्या. "लेखी? तुम्ही?"

"हो."

"सही करून?"

"सही, तारीख, सगळं."

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दूध गॅसवर ठेवून कोण बाहेर गेलं होतं, ते प्रकरण अजून प्रलंबित आहे," ती म्हणाली. "आणि परक्या माणसाला तीन ओळींत कबुली."

"ते प्रकरण वेगळं. त्यात पुरावा नाही."

"पातेलं आहे."

"बाबा," मुलगी आतून म्हणाली, "तेही आजच करून टाका. सवय आहे तोवर."

"मीच ठेवलं होतं," वकीलसाहेब म्हणाले. बायकोने उत्तरपत्रिका पुन्हा उचलल्या आणि कोणाला तरी उगीचच दोन गुण जास्त दिले.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी बोलावलं. टेबलावर अहवाल होता. वकीलसाहेब उभे राहिले ते बसलेच नाहीत.

"पत्त्यांचे पुरावे दोन महिन्यांत गोळा करा, असं सांगितलंय. बाकी कंपनी उत्तम आहे, म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "आणि तुमच्याबद्दल एक परिच्छेद आहे."

"असणारच."

"चूक स्वतःहून कळवायची, असा आपल्याकडे नियम आहे. मी तो लोकांना इतकी वर्षं शिकवतेय. पाळताना मात्र कोणाला बघितलं नव्हतं. आणि..." त्या थांबल्या, पण या वेळी वाक्य पूर्ण झालं नव्हतं. "साक्षीदार पढवणारा माणूसही बघितला नव्हता, ते वेगळं. पुन्हा कराल?"

"नाही," वकीलसाहेब म्हणाले. एवढं छोटं उत्तर त्यांनी यापूर्वी कधी दिलेलं नव्हतं.

मॅडमनी पत्र पुढे सरकवलं. ते येणेप्रमाणे होतं: सदर सल्लागार यांनी केलेले स्वयंप्रेरित प्रकटीकरण अनुकरणीय असल्याचे नियामकांनी नमूद केले असून, सबब त्यांची नेमणूक कायम करण्यात येत आहे, तसेच त्यांच्या कामाचे स्वरूप अत्यंत गोपनीय असल्याने त्यांस आजपासून स्वतंत्र कक्ष देण्यात येत आहे.

त्या कक्षात ऑफिसचं एकुलतं एक झेरॉक्सचं मशीन आहे, आणि लोक दार न वाजवता येतात.